पाठमोऱ्या तसबिरी

ता. ९ फेब्रुवारी

चि. खडू हिला आशीर्वाद. देवाचे आशीर्वाद लिहिणार होते, पण देव तू कापायला नेले आहेस, तेव्हा माझ्या एकटीचेच घे.

काल कपाटावरची पत्र्याची पेटी उघडली. नवं कॅलेंडर लागलं की जुन्यावरचा देव त्या पेटीत जातो, कारण देवाचं चित्र कचऱ्यात टाकायचं नाही, हे या घरात तुझ्या जन्माआधीपासून चालत आलं आहे. तुझ्या बाबांनी शाळेत असताना जमवलेली चित्रंही त्यातच होती. पेटी रिकामी! तळाशी नुसती कातरणं: एक पाऊल, अर्धा मुकुट, ढगाची किनार. सुट्टीत दार लावून अभ्यास चालला होता तो हा होय?

आणि हे सगळं माझ्या कापडाच्या कात्रीने! त्या कात्रीने कागद कापला की तिची धार जाते, हे मी तुला सांगायचं? माझ्या मशीनखाली बसून शिवणाचे खडू खाल्लेस, त्यावरून तुझं नाव पडलं, आणि एवढंही कळू नये? वर कात्री घेऊनही गेलीस. इथे शाळेचे गणवेश अंगावर पडले आहेत आणि मी शेजारच्या टेलरकडून कात्री मागून आणते आहे. तो देतो, पण हसतो.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिण्याची वेळ आली. चित्रं जशी असतील तशी आणि कात्री ताबडतोब पाठव.

कळावे. लोभाचं नंतर बघू.

तुझी आत्या

ता. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद तरी मध्येच तोडत नाही.

कात्रीबद्दल कान पकडते. चित्रांबद्दल नाही. डांबरगोळ्यांच्या वासात, अंधारात, एकमेकांच्या अंगावर ते देव पडले होते. तुझ्या लेखी तो मान असेल, मला ती अडगळ वाटते. मी त्यांना उजेडात आणलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनाला आम्हाला विषय आहे ‘जगणं आणि श्रद्धा’. वर्गातल्या निम्म्या जणांनी दिवे काढले आहेत आणि उरलेल्यांनी जोडलेले हात. मी आपलं घर केलं आहे. मांजरपाटावर कागदाचे तुकडे चिकटवून, दरवाजाएवढं. तुझी कात्री चित्राखाली स्टुलावर ठेवणार आहे. तीही त्यातलीच आहे, त्यामुळे प्रदर्शन संपेपर्यंत मिळणार नाही. तोवर टेलरला हसू दे.

चित्र काय आहे ते पत्रात सांगत नाही. येऊन बघ. येणार नाहीस, हे माहीत आहे. माझ्या एकाही प्रदर्शनाला तू कधी आली आहेस?

कळावे.

खडू

ता. ४ मार्च

खडू,

आशीर्वाद लिहायला हात उचलवत नाही.

समोरची नर्सबाई काही कामाने तुझ्या कॉलेजकडे गेली होती. आपल्या गल्लीतल्या पोरीचं चित्र म्हणून कौतुकाने बघायला गेली आणि येऊन माझ्या मशीनसमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, चित्रात तुम्ही अगदी हुबेहूब आहात. चिडलेल्या. आणि मागे देव्हाऱ्यातल्या सगळ्या तसबिरी भिंतीकडे तोंड करून, नुसते पुठ्ठे आणि खिळे दिसतायत. मग तिने मला विचारलं की हे असं खरंच झालं होतं का.

तुझे बाबा गेले त्या दुपारी घरात कोणी नव्हतं, असं मी इतकी वर्षं समजत होते. तू मशीनखाली होतीस, हे मला आता कळतंय, तेही परक्या बाईच्या तोंडून! वर्षभर माझ्या भावासाठी मी हात जोडले. देवाने ऐकलं नाही, तेव्हा एकेकाला भिंतीकडे वळवलं आणि तोंडाला येईल ते बोलले. लोक यायच्या आत परत सरळ केले. हे माझं आणि त्याचं होतं. तू त्यात कोण?

दर गुरुवारी बारा-पंधरा बायका माझ्या घरी प्रार्थनेला बसतात. मी म्हणते आणि त्या मागून म्हणतात. गेल्या गुरुवारी सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि नर्सबाईचे उघडे, माझ्यावर. माझी जीभ अडखळली. तू माझी अब्रू वेशीला टांगलीस आणि त्याचे मार्क घेणार आहेस. ज्या बाईने तुला वाढवलं तिला विकून खाल्लंस.

चित्र उतरव. नाहीतर मी येते. नंतर म्हणू नकोस की सांगितलं नव्हतं.

आत्या

ता. ११ मार्च

ती. आत्यास,

नमस्कार लिहिते आहे तो फक्त सवयीने.

आलीस! तीन वर्षांत पहिल्यांदा माझं काम बघायला आलीस आणि मी जेवायला गेलेली असताना, माझ्याच स्टुलावरची कात्री उचलून स्वतःला कापून घेऊन गेलीस. दारावरच्या रखवालदाराला तू सांगितलंस की मी शिवणवाली, चित्रात थोडं अल्टर करायचं आहे. त्याने तुला उभं राहायला पाट दिला! वर मला सांगतो, बाईंचा हात फार साफ.

साफ आहेच. कडेचा एक धागाही निघाला नाही. तसबिरी तशाच आणि मधोमध तुझ्या आकाराचं भोक. तासाभराने परीक्षक आले आणि त्या भोकासमोरून हलेनात. माणूस वगळण्याचं धाडस फार आवडलं, म्हणाले. मी त्यांना सांगितलं की ते धाडस माझं नाही, माझ्या आत्याचं आहे. तेही त्यांना आवडलं. वर्गात पहिली आले आहे. रागाने मला रडू फुटलं.

तुला विकायला मी ते केलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा येणारा प्रत्येक माणूस माझ्या डोक्यावरून हात फिरवून सांगत होता की चांगली माणसं देवाला आवडतात. एकटी तू त्याच्याशी भांडलीस. मशीनखाली मला वाटलं, तिथे खरंच कोणीतरी असणार, नाहीतर आत्या इतकी चिडली कोणावर? माझी श्रद्धा म्हणशील तर तेवढीच आहे. दिवे काढून ती दाखवता आली नसती.

कपडे मी कातरणांचे केले होते, पण तुझा चेहरा हाताने काढला होता. चिडलेल्या आत्याचा फोटो कोणाकडे असतो? सतरा वेळा खोडला तेव्हा कुठे जमला. तो माझा आहे. परत दे.

खडू

ता. १९ मार्च

चि. खडू,

चेहरा मिळणार नाही. नाक मोठं काढलं आहेस.

गुरुवारी बायकांना मीच सांगितलं. नर्सबाईने मागाहून सांगण्यापेक्षा मी बरी. तसबिरी वळवून दाखवल्या, अशा केल्या होत्या म्हणून. दोघी उठून गेल्या आणि जाताना चपला आपटल्या. बाकीच्या बसून राहिल्या. नर्सबाई रडली, तिचा मुलगा गेल्याचं मला आठवलंच नव्हतं. मग प्रार्थना झाली. पुढच्या गुरुवारी किती येतील ते बघू.

पण म्हणून मी तुला माफ केलं, असं समजू नकोस. मला विचारायचं होतंस. मी नाहीच म्हटलं असतं, तरी विचारायचं होतंस. तो राग जाणार नाही आणि मी तो घालवायचा प्रयत्नही करणार नाही. कात्रीला धार लावून आणली, पण पहिल्यासारखी चालत नाही.

तुझं ते चित्र घरी आणलं त्याच संध्याकाळी कचऱ्यात टाकायला निघाले होते. डब्याचं झाकण उघडलं आणि उजेडात बघितलं, तर माझ्या बाहीवर मुकुट, खांद्यावर एक डोळा, खाली निळं आभाळ, आणि कमरेजवळ तुझ्या बाबांच्या लहानपणीच्या चित्राचा तुकडा. सगळे देवच. टाकणार कसं? तशीच ते हातभर लांब धरून परत आले आणि कपाटावरची पेटी काढली.

तू सगळं नेलंस, त्यामुळे पेटीत आता मी एकटीच आहे.

आत्या