बीपीवर उतारा, रोज अर्धा तास

२६ जुलै, शनिवार
बीपी १५२/९६. आमचे फॅमिली डॉक्टर मुनव्वर शेख म्हणाले, महिनाभर वाट बघतो. रोज अर्धा तास मन रमेल असं काहीतरी करा, नाहीतर गोळी सुरू करू. गोळी एकदा सुरू झाली की जन्माची. वडिलांची सात खणांची डबी मला अजून दिसते. शेवटी शेवटी जेवणापेक्षा डबीच मोठी झाली होती. मी गोळी घेणार नाही म्हणजे नाही.
मुळात बीपी माझ्यामुळे नाहीच. ते ऑफिसमुळे, वारजे पुलाखालच्या ट्रॅफिकमुळे, सोसायटीतल्या माणसांमुळे आणि थोडंफार बायकोमुळे आहे. गोळी त्यांना द्यायला हवी.

२७ जुलै, रविवार
ठरलं. कराओके. कॉलेजात सगळे म्हणायचे, तू गा. निदान दोघे तरी म्हणायचे. तपकीर गल्लीत जाऊन स्पीकर आणि माइक आणला. गाणं संपलं की टीव्हीवर मार्क येतात. दुकानदार उद्धट होता, पण मशीन समंजस आहे. पहिल्याच गाण्याला ९१. पूर्णिमाला दाखवलं. तिने विचारलं, किती पैकी? लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण एका शब्दाने कौतुक नाही.
संकल्प: रोज सात ते साडेसात.

२९ जुलै, मंगळवार
खाली नोटीस बोर्डावर कागद. ‘दुसऱ्या मजल्यावर कोणाचे काही दुखत असल्यास संध्याकाळी सात वाजता डॉक्टरांना बोलवावे. शेजाऱ्यांना नव्हे.’ खाली सही नाही. पण अक्षर आमच्या डोक्यावर राहणाऱ्या नागोरावांचं. नांदेडचे रिटायर्ड हेडमास्तर. पुण्यात येऊन पुरती बारा वर्षं झाली नाहीत आणि आम्हाला पाट्या लिहून दाखवतात. आमच्या तीन पिढ्या नारायण पेठेत गेल्या.

३० जुलै, बुधवार
गायलो नाही. सगळी संध्याकाळ उत्तर लिहिण्यात गेली. चौथा खर्डा उतरला: ‘ज्यांना संगीतातले कळत नाही त्यांनी आपले कान आपल्या घरात ठेवावेत.’ टाचणी घेऊन स्वतः लावून आलो. घरी बीपी मोजायचं मशीन आणलंय, त्यात १२८/८२ आलं. नवं मशीन आणि पहिल्याच दिवशी बिघाड. दुकानदाराला फोन करून दोन शब्द सुनावले.

३१ जुलै, गुरुवार
तीन गाणी. ९३ मार्क. बीपी १५८. म्हणजे मशीन ठीक आहे. आतला ताण बाहेर पडताना आकडा वर जाणारच, हे लहान मुलालाही कळेल.
बोर्डावर नवा कागद: ‘कान घरातच आहेत. आवाजही मालकाच्या घरातच राहिल्यास उपकार होतील.’ माणूस नीच आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार
माझं बघून पूर्णिमालाही तब्येतीची काळजी वाटू लागली. रोज सातच्या ठोक्याला फिरायला जाते. परत येताना गेटवरून फोन करून विचारते, झालं का? झालं म्हटलं तरच वर येते. बीपी १६०. पावसाळी हवा.

१० ऑगस्ट, रविवार
ऑफिसची कटकट डोक्यात होती म्हणून जेवण झाल्यावर लगेच रियाजाला बसलो. चारला खाली गेलो तर बोर्डावर: ‘आपण जन्माने पुणेकर आहात असे ऐकून होतो. दुपारी दोन वाजता गायलात. दाखला तपासून घ्यावा.’
हे लागलं. फार लागलं. दुपारी एक ते चार आमच्या घरात कुणी शिंकलेलं मला आठवत नाही. आणि ते नांदेडच्या माणसाने मला सांगावं.

११ ऑगस्ट, सोमवार
हाफ डे टाकला. सहा तास बसून उत्तर लिहिलं. सात खर्डे. दाखल्याला काय उत्तर देणार? शेवटी लिहिलं: ‘दाखला अस्सल आहे. वेळ चुकली. गाणे चुकलेले नाही.’ माफी मागितली असं कुणी समजू नये. जेवण झक्क गेलं. रात्री मेल्यासारखा झोपलो. बीपी १२४/८०. मशीन अधूनमधून का बिघडतं, हे एकदा बघायला हवं.

१७ ऑगस्ट, रविवार
या पाट्यांपायी गाणं मागे पडतंय. आठवडाभर रोज एक कागद त्यांचा, एक माझा. बीपी १३० च्या आतबाहेर, पण असल्या मशीनवर विश्वास कोण ठेवणार? आता पाट्या बंद. सोसायटीच्या गणपतीत, ३१ तारखेला, सगळ्यांसमोर गाणार. मार्क पडद्यावर दिसतील. नागोरावांना पहिल्या रांगेत बसवायला सेक्रेटरी शर्मिलाताईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, बसतील का ते विचारून बघते.

२५ ऑगस्ट, सोमवार
रोज दीड तास तयारी. बीपी १६२. कार्यक्रमाचं टेन्शन सगळ्याच कलाकारांना येतं. बोर्डाकडे बघत नाही. आज बघितलं. काही नव्हतं. भ्याले.

३१ ऑगस्ट, रविवार
गायलो. पहिल्या कडव्याला आरतीचं तबक घेऊन तीन बायका उठल्या त्या परत आल्या नाहीत. ८९ मार्क. माइक खराब. उत्साहाच्या भरात दुसरं गाणं लावलं, तेवढ्यात नागोराव उठून शांतपणे आले, माझ्या हातातला माइक घेतला आणि वाचल्यासारखं बोलले: सूचना, पुढील गाणे श्रोते शिल्लक असतील तरच होईल. मागे ट्रॅक चालूच होता. संपल्यावर पडद्यावर त्यांचे मार्क आले. ९७.
टाळ्या थांबेनात. पूर्णिमाही वाजवत होती. मी बघितलं.

१ सप्टेंबर, सोमवार
दवाखान्यात गेलो तर बाकावर नागोराव, मांडीवर फाइल. मी दुसऱ्या टोकाला बसलो. ते आत जाऊन आले आणि सरळ माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, पत्नी गेल्यापासून माझंही बीपी एकशेसाठच्या खाली येत नव्हतं. डॉक्टरसाहेब म्हणाले, मन रमेल असं काहीतरी करा. घरात कुणी नाही, काय करावं ते सुचेना. मग तुम्ही गायला लागलात. आज एकशेचोवीस आलं. गोळी बंद केली बघा. माझा हात हातात धरून म्हणाले, तुमच्यामुळं झालं हे सगळं.
इतक्या मनापासून माझे आभार कुणी मानल्याचं आठवत नाही. मग म्हणाले, आता बरा झालोय, मुलाकडे मांजरी गावाला राहायला चाललोय. उद्याच.
माझं बीपी १६६/१०२. डॉक्टरांनी विचारलं, कशात मन रमलं का? मी म्हटलं, गाण्यात. त्यांनी गोळी लिहून दिली.

२ सप्टेंबर, मंगळवार
पूर्णिमाने सात खणांची डबी आणून टेबलावर ठेवली. मी पहिली गोळी घेतली. सातला एक गाणं म्हटलं. ९४. वरून काही हालचाल नाही. टेम्पो सकाळीच गेला.
खाली जाऊन बोर्ड बघितला. टाकी धुण्याची सूचना आहे, शर्मिलाताईंची. पाणी भरून ठेवावे, एवढंच. वाचवत नाही.
वर येऊन खर्डा केला. पहिल्याच फटक्यात उतरला: ‘तिसऱ्या मजल्यावरील शांततेचा दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशास त्रास होत आहे. संबंधितांनी दखल घ्यावी.’ टाचणी घेऊन दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मांजरीला त्यांच्या मुलाच्या सोसायटीत नोटीस बोर्ड आहे का, ते विचारायचं राहूनच गेलं.