सुचेता यायच्या आत फुफू

५ मार्च २००६, रविवार. ओजिमा, टोकियो.
सुचेता पाडव्याला परत येते म्हणाली. म्हणजे, बघते म्हणाली. एकच. माहेरी जाताना ऐकवून गेली होती की या घरात मी पेइंग गेस्टसारखा राहतो. आता दाखवतोच. संकल्प: तिलाही येत नाही असा एक पदार्थ शिकणे.
ऑफिसातले घानाचे कोफी-सान रोज लंचला फुफूची आठवण काढतात. कंदांचं पीठ घोटून घोटून केलेला गोळा, रश्श्यात बुडवून न चावता गिळायचा. सोपं आहे. पाहुणा ठरला, मेनू ठरला.

११ मार्च, शनिवार.
फुफूचं पीठ शिन-ओकुबोला मिळतं म्हणे. कोण ट्रेन बदलत बसणार. खालच्या सुपरमार्केटातून तांदळाचं आणलं. पीठ म्हणजे पीठ.
गुठळ्या. पातेलं जपानी आहे, त्याचा दोष. भिजत टाकलं.

१२ मार्च.
पातेलं भिजतंय.
सुचेताला फोन. पाडव्याचं विचारलं. आईचा गुडघा दुखतोय म्हणाली. सासूबाईंचा गुडघा आमच्या लग्नापासून दुखतोय. काही वाटलं नाही.

१८ मार्च, शनिवार.
कोफी-सान म्हणाले होते, फुफू सपक असतो, कधी जरा आंबट. आंबटपणासाठी दही घुसळून ताक घातलं. सपक आपल्याच्याने होणार नाही, म्हणून लसूण-मिरचीची फोडणी. झाकण ठेवून दणदणीत वाफ काढली. गुठळी नाही! घानात इतक्या पिढ्यांत हे कुणाला कसं सुचलं नाही?

२१ मार्च. सुट्टी.
रंगीत तालीम उत्तम. कोफी-सानना रविवारचं आमंत्रण दिलं.
सुचेताला फोनवर सांगितलं, तू आलीस की तुलाही करून घालतो. ती म्हणाली, पुण्यात नोकरी लागली, एक तारखेपासून जॉइन होतेय. मी अभिनंदन म्हणालो. तात्पुरती असणार. तिला नाहीतरी घरी बसून कंटाळा येतो.
मग गॅलरीत उभा राहिलो. समोरच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी गाद्या वाळत टाकल्या होत्या. आमचीही टाकायला हवी. टाकली नाही.

२६ मार्च, रविवार.
कोफी-सान आले. हात धुऊन उजव्या हाताने घास घेतला. चावला. दोनदा वाढून घेतलं, मग म्हणाले, फार छान, याला काय म्हणतात? मी म्हणालो, फुफू. ते हसले. मी हसत नाही बघून त्यांनी आणखी थोडं घेतलं. कोणी शिकवलं, असंही विचारलं. मी म्हणालो, स्वतःच शिकलो.

ते गेल्यावर पातेल्यातलं उरलेलं उभ्यानेच तोंडात टाकलं. तेव्हा कळलं. उकड आहे ही. सुचेता रविवारी सकाळी करायची ती. मी लॅपटॉपमधून मान वर न करता खायचो.
फोन लावला. उकड केली म्हणालो. ती म्हणाली, वरून कच्चं तेल घेतलंस का? नाही म्हणालो. घे, म्हणाली. पाडव्याचं तिने काढलं नाही, मीही नाही.
या वेळी वाटलं. वाईट वाटलं.
तेल घेतलं. उकड गार झाली होती.