घरचं मूल घेऊन येणे

सोमवार, ४ मार्च
बावीस वर्षं लोकांचे दात काढले, आता म्हणे वाचवायला शिका! नाही शिकलो तर लहान मुलांना तपासायची परवानगी जाणार. वर्गात आम्ही अकरा डॉक्टर, बहुतेकांचे केस पिकलेले. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिला धडा — कापडी मगरीचे दात घासणे. माझ्या मगरीचा एक दात हलत होता. सवयीनं उपटला.

सगळे हसून हसून बेजार. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उद्या शिवून आणा."

मंगळवार, ५ मार्च
शिवला. उलटा.

गुरुवार, ७ मार्च
'सुई', 'दुखेल', 'काढून टाकू' हे शब्द बंद. जो बोलेल त्यानं सगळ्यांपुढे दात घासायचे. आज माझे तीनदा घासून झाले. हिरड्या सुजल्यात.

परीक्षा एकोणीस तारखेला — घरचं मूल घेऊन येणे. आपणच तपासायचं. मूल रडलं किंवा एकही दात किडका निघाला, तर नापास!

आमचे चिरंजीव आठ वर्षांचे. माझ्या हातात तपासायचा आरसा दिसला की बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावतात. चार वर्षांत मी त्याचं तोंड आतून पाहिलेलं नाही. काय बघावं लागेल याची मलाच भीती वाटते, म्हणून मीही फार आग्रह धरत नाही. मी, दातांचा डॉक्टर! सांगू कुणाला?

रविवार, १० मार्च
वरच्या मजल्यावरच्या शेजारणीची मुलगी परीक्षेपुरती मागून घेतली. वय सात, कीड नावाला नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे — त्यातलाच प्रकार. शेजारीण पोट धरून हसली, पण हो म्हणाली. मुलीची अट: परीक्षेपर्यंत रोज एक लॉलीपॉप.

"पण खाल्ल्यावर दात घासायचे हं," मी म्हणालो.

"मग दोन."

दिले. काय करणार?

गुरुवार, १४ मार्च
"बाबा" म्हणायचा सराव. ती दर वेळी "काकाबाबा" म्हणते. पोरगा दारात उभा राहून बघत होता.

"ही तुम्हाला बाबा का म्हणतेय?"

"खेळ आहे रे."

"मी पण खेळू?"

इतकं बरं वाटलं! घाईघाईनं खिशातून आरसा काढला. पोरगा बाथरूममध्ये. कडी.

सोमवार, १८ मार्च
हिनं विचारलं, "उद्या आपल्या पोराला का नेत नाही?" म्हटलं, शाळा बुडेल. मग म्हणाली, "बघा बाई, तुमचं तुम्ही."

मंगळवार, १९ मार्च
मुलगी रडली नाही. "बाबा" एकदाही चुकली नाही. मॅडमनी पूर्ण गुण दिले. सही करता करता हळूच म्हणाल्या, "मुलाला का नाही आणलंत? माझ्याकडे येतो की दर सहा महिन्यांनी, आईबरोबर. एकही दात किडलेला नाही त्याचा. खुर्चीत बसून गाणी म्हणतो."