बावीस वर्षांचे हात आणि चाळीस अंश

सोमवार, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. यशाची नोंद हवीच. हॉस्पिटलच्या मेट्रनबाई काल स्वतः आपल्या लाँड्रीत आल्या. ऑपरेशनचे चाळीस पांढरे गाऊन, सगळ्यांवर रक्त. शनिवारपर्यंत स्वच्छ झाले तर वर्षभराचं काम आपलं. नाही झाले तर शटर कायमचं खाली, असं बायको म्हणते. बायकोला काळजी करायची हौस आहे.

सेल्समनने नवी एन्झाइमची पावडर दिली. पाकिटावर लिहिलंय, पाणी चाळीस अंशांच्या वर नको. कोमट पाण्याने कुठे डाग निघतात? बावीस वर्षं उकळतोय मी.

सोमवार, दुपारी ४
दहा गाऊन उकळले. लाल डाग तपकिरी झाले. म्हणजे हलले.

मंगळवार
हलले नाहीत. बसले. पावडर भेसळीची. सेल्समनला फोनवर झापलं, तर तो विचारतो, काका, पाणी किती गरम होतं? पुरेसं, म्हटलं.

लेक कॉलेजात हेच शिकते. म्हणाली, बाबा, एन्झाइम हेसुद्धा प्रोटीनच, अंड्यासारखं. त्याचा एक ठरावीक आकार असतो, डाग त्यात बरोबर बसतो, मग एन्झाइम त्याचे तुकडे करतं. उकळलं की आकारच मोडतो. वर रक्तही प्रोटीन, ते कापडात शिजून बसतं. म्हणजे मी गाऊनचं ऑम्लेट केलं म्हणे. उगाच शिकवलं हिला.

बुधवार
संकल्प: चाळीस म्हणजे चाळीस. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर टबात घातला. बंद पडला. आजकाल कशालाच दम नाही. मग हातानेच अंदाज घेतला. मस्त कोमट. बायकोने खात्री करायला बोट घातलं आणि किंचाळली. नाजूक आहे जरा. तेव्हापासून बोलत नाही.

आणखी दहा गाऊन तपकिरी.

गुरुवार
पावडर कमी पडत असणार. चौपट टाकली. जोर यावा म्हणून व्हिनेगरही ओतलं. लेकीने कपाळाला हात लावला. या एन्झाइमला आंबट चालत नाही, साबणासारखं पाणी लागतं. आणि मोडलेली चौपट टाकली तरी मोडलेलीच. पाण्याचं विचारलं, तर माझ्या हाताला कोमट होतं, असं सांगितलं. ती माझ्या हातांकडे बघत उठली आणि आईकडे गेली. शेवटी पटलं तिला.

तीस झाले. दहा उरले.

शुक्रवार
बायकोने बॉयलरच्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली कमरेला. उरलेले दहा गाऊन तिने तिच्या हाताला कोमट लागेल अशा पाण्यात भिजवले, पावडरही पाकिटावर लिहिली तेवढीच. आणि दिवसभर नुसती बसून. एन्झाइमला वेळ द्यावा लागतो, असं लेकीने सांगितलं. मग मी काय करायचं? चिडचिड झाली नुसती.

शनिवार, सकाळी ११
दहा गाऊन पांढरेशुभ्र. तीस चहात बुडवल्यासारखे. मेट्रनबाईंनी विचारलं, हे दहा कोणी धुतले? मी 'आम्ही' म्हणणार, तेवढ्यात बायको 'मी' म्हणाली. काम मिळालं. अट एकच, पाण्याला मी हात लावायचा नाही. तीस गाऊन भरून द्यायचे, तेही मीच. हे लिहिताना पेन कागदात घुसलं. रागाने.

रविवार
बायको चार दिवसांनी माझ्याशी बोलली. समोर बादली ठेवली आणि म्हणाली, अहो, हात घालून सांगा बरं किती अंश. घातला. छातीठोकपणे चाळीस म्हणालो.

नळाचं गार पाणी होतं.

मग तिने माझा हात बाहेर काढला, पदराने पुसला, एकेक बोट दाबून कळतंय का विचारत राहिली. पहिल्या दोन बोटांना मी हो म्हणालो. पुढे खोटं बोलवेना. उद्या डॉक्टरांकडे जायचंय. ती सोबत येणार आहे.