खालचा मजला

४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

बेकरीत मालकीणबाईंनी आता पावाचं पीठ पूर्ण माझ्याकडे दिलंय. भट्टीच्या वरची खोलीही मिळाली. घसा धरला होता, तो अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी बरा झाला. फक्त खालच्या मजल्यावर फार त्रास आहे गं. आगआग होते, झोप लागत नाही. सांगू तरी कुणाला?

माया पातळ करू नकोस.
तुझी पिठू

९ मार्च

चि. पिठूस,
अ. उ. आ.

भट्टीच्या डोक्यावर खोली घेतलीस, मग आग होणारच! तुझे काका म्हणतात, रोज बादलीभर गार पाणी ओतावं. आणि सांगायची लाज कसली? चार माणसं बोलावून दाखव, मालकीणबाई आपोआप मिस्त्री आणतील.

काळजी वाटते, लवकर लिही.
मावशी

१३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न.

चार माणसं! अगं, खालचा मजला घराचा नाही, माझा. आता लिहूनच टाकते: योनीला खाज सुटते, आग होते, फाटलेल्या दुधासारखं पांढरं जातं. औषधाच्या दुकानातली बाई हळूच म्हणाली, यीस्ट असेल, डॉक्टरांना दाखवा. मला घामच फुटला. यीस्ट तर मी रोज पिठात कालवते! माझ्यामुळे पाव बाटत असतील तर? इतकं आवडतं काम, पण सोडून यावं म्हणते. डॉक्टरीणबाई कोपऱ्यावरच आहेत, पण रोज माझ्याच हातून पाव नेतात. त्यांना तोंड कसं दाखवू?

हे काकांना वाचून दाखवलंस तर कट्टी.
पिठू

१७ मार्च

चि. पिठूस,
अ. उ. आ.

आधी पोट धरून हसले, मग रडूच आलं. एकटीनं सोसत बसलीस! मला झालंय हे, तुझ्या आईलाही. आम्ही सख्ख्या बहिणी, पण एकमेकींपासून लपवत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, झाकली खाज दमडीची नाही. आणि वेडे, डॉक्टरीणबाईंना तोंड नाही दाखवायचं, खालचा मजला दाखवायचाय. काम सोडायचं नाव काढू नकोस. आधी जा.

पाठीशी आहे.
मावशी

२५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

गेले! त्या दिवशीचं पीठ दुसऱ्यांवर सोपवलं. दारातून एकदा परत फिरले, मग तुझं वाक्य आठवलं नि हसतच आत शिरले. तिथेही तोंडातून खालचा मजलाच निघाला. बाई हसल्या. तपासून, नमुना बघून म्हणाल्या, यीस्टच आहे. ते थोडं अंगात असतंच. घशाच्या त्या गोळ्यांनी त्याला आवरणारे चांगले जंतू मेले की माजतं. पावाचं यीस्ट वेगळं, पीठ खुशाल मळ. पण दुसऱ्या आजारांतही असाच त्रास होतो, म्हणून अंदाजानं औषध घ्यायचं नाही. साबणानं घासत होते त्याबद्दल मात्र चांगल्या रागावल्या. औषधानं आता आराम आहे.

दुसऱ्या दिवशी त्या पावाला आल्या. मी तोंड लपवायला जागा शोधत होते. त्यांनी भरल्या दुकानात तक्रार केली, की कालचा पाव नुसता दगड होता, तू होतीस कुठे? माझी लाज कुठल्या कुठे पळाली. मी ठणकावून सांगितलं, खालच्या मजल्यावर दुरुस्ती काढली होती. त्या हसू दाबत दोन पाव घेऊन गेल्या.

आहे तसाच जीव लाव.
तुझी पिठू