थोरलीचा कागद

मंगळवार, ३ जून
निवड यादीत नाव आलं! नर्सची जागा, आंबेगाव तालुक्यात. सोमवारी घोडेगावला मूळ कागद घेऊन हजर व्हायचं. शाळेचा दाखला, कोर्सचं सर्टिफिकेट, आधार, सगळं आहे. जन्माचा दाखला नाही. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझी नोंद मामाच्या गावी, आण्याला असणार.
आबा म्हणाले, "कशाला पायजेल? आजपतुर चाललं की." आणि गोठ्यात निघून गेले.

गुरुवार, ५ जून
आण्याला गेले. मामा सोबत. पंचायतीतल्या बाईंनी रजिस्टर काढलं. नाव सविता, तारीख तीच, आई-आबांची नावं बरोबर. पुढे शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने: मयत.
"ताई, ही मुलगी आठ महिन्यांची असताना वारलीय."
मी हसले. खरंच हसले. म्हटलं, अहो, मी ही समोर बसलेय.
मामा खिडकीबाहेर बघत होते. एसटीत एवढंच म्हणाले, "घरी इचार, बाय. मी न्हाई सांगायचो."

शुक्रवार, ६ जून
सकाळी चुलीपुढे विचारलं. आई भाकरी थापत राहिली. आबाच बोलले.
"थोरली गेली, कागद पेटीत ऱ्हायला. तू साडेचारची, रोज शाळेच्या दारात जाऊन बसायचीस. मास्तर म्हनला, सहा पुरी पायजेत. मंग त्यो कागद दिला, त्यो शाळंतच ऱ्हायला."
"आणि माझी नोंद?"
"न्हाई केली. एक कागद व्हता की घरात."
इतकं साधं. थोरलीचा फ्रॉक धाकटीला घालावा तसं.
नावही तिचंच. घरात मला बारकी म्हणतात, आई तर सविता कधीच म्हणत नाही. भावाहून मोठी मी, तरी बारकी. कुणाहून, हे एकदाही विचारलं नाही.

शनिवार, ७ जून
तीनदा बोटांवर मोजलं. कोर्सला प्रवेश घेताना सतरा पूर्ण लागत होती. मी साडेसोळाची होते. म्हणजे कोर्स? म्हणजे नोकरी?
घरात शिकलेली पहिली मी, म्हणून आळीतले सगळे फॉर्म मीच भरते. दर वेळी सांगते: मूळ दाखला आधी वाचा, मग सही करा. चुलतीने पोराचं वय वाढवून सांगितलं, तर फॉर्म परत दिला होता. "लई शिकलीस गं बये, कोर्टात बस आता!" असं म्हणाली होती. स्वतःचा दाखला मात्र मी...
भावाला सांगितलं, तुझी नोंद पंचायतीत जाऊन बघून ये. तो म्हणाला, "मी तरी मीच हाय ना गं?" दोघं हसलो. मग मला रडू आलं.

रविवार, ८ जून
आबा: "गप ऱ्हा. कोन बघाया जातंय? हातचं घालवशील."
तिथे लागल्यावर बाळांच्या जन्माची माहिती मलाच लिहून द्यायची आहे. हे म्हटलं तर उठून गेले.
आई दुपारी हळूच जवळ बसली, आण्याहून आणलेल्या उताऱ्यावर हात ठेवून. "हापिसात ठिवून घेतला तर? तिचा कागद माघारी आन. तिचं तेवढंच हाय."
दोघांच्याही लेखी मी होते की नव्हते, ते मला कळेना.

सोमवार, ९ जून
एसटीत लिहितेय, अक्षर हलतंय. पिशवीत शाळेचा दाखला आणि आण्याचा उतारा, लाल शेऱ्यासकट. फॉर्म भरलाय. 'वरील माहिती खरी आहे', त्याखाली सही बाकी. जन्मतारखेची चौकटही कोरीच.
आई फाट्यापर्यंत आली होती. गाडी सुटताना म्हणाली, "सविता, नीट जा."
मी हो म्हटलं. कुणाला म्हणाली, ते विचारायला...
मंचर आलं. इथे गाडी बदलायची.