पंचवीस मिनिटांचं जेवण

मंगळवार, १४ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तीन वर्षांतलं हे माझं पाचवं पत्र. आधीची चार तू उघडलीस की नाही, देव जाणे. आईला विचारलं की ती म्हणते, "मी तुमच्या दोघांच्या मधे पडत नाही," आणि लगेच सांगते की तुला सर्दी झाली होती, खानावळीची फरशी बदलली आणि भावजयबाईंनी केस आखूड केले. त्यामुळे तुझी खुशाली मला कळत असते. माझी तुला कळत असणारच. आई कधीच मधे पडत नाही ना!

आई ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तोंड चालू आहे. दर रविवारी नवा चष्मा लावून माझं हॉटेलाचं परीक्षण मोठ्याने वाचते, पेपराची घडी घालते आणि म्हणते, "एवढ्यात आपण घरी बटाटे उकडून खाल्ले असते." एकोणीस वर्षं मी हा स्तंभ लिहितेय आणि एकोणीस वर्षं हाच अभिप्राय ऐकतेय. बाई कुठल्या हॉटेलात बळजबरीने नेली तरी पाण्याचा ग्लास पुसूनच पिते, पण स्तंभ एकदाही चुकवत नाही.

आता कामाचं. तुझ्या नव्या खानावळीचा पत्ता आमच्या ऑफिसात पोचलाय. दचकू नकोस, पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे.

आमच्याकडे नव्या संपादकबाई आल्यात. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आणि चालतात अशा की टेबलावरचे कागद उडावेत. आल्या आल्या त्यांनी पुरवणीत एक चौकट छापली : "हॉटेलांची परीक्षणं तुम्ही का वाचता?" मी मनात म्हटलं, का म्हणजे काय, कुठे जेवायचं ते ठरवायला! दोनशेच्या वर उत्तरं आली. मी ती घरी आणली आणि आईसमोर ऐटीत वाचायला बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अरे, त्यातले जेमतेम तीसजण मी सांगितलेल्या हॉटेलात कधी गेलेत! एका बाईंना डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, त्या माझा स्तंभ समोर ठेवून अळणी जेवण जेवतात. एक गृहस्थ कानाने अधू आहेत, त्यांना फक्त एवढंच हवंय की कुठे गोंगाट कमी असतो, आणि ते मी एकोणीस वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही. एका विधुराने विचारलंय की एकटा माणूस गेला तर संडासाच्या दाराजवळचं टेबल कुठे देत नाहीत. एक जोडपं रविवारी परीक्षण वाचतं, कुठे जायचं यावर भांडतं आणि घरीच खिचडी लावतं. आणि एकाने अगदी प्रामाणिकपणे कळवलंय की तुमचं पान पोपटाच्या पिंजऱ्यात नीट बसतं.

आई हसून हसून पाणी पाणी करायला लागली. मलाही हसू आलं. मग खालून एक निळ्या शाईतलं पत्र निघालं आणि माझं हसू तिथल्या तिथे थांबलं. ते तसंच्या तसं उतरवते :

"बाई, मी बस चालवतो. आम्हाला जेवायला पंचवीस मिनिटं मिळतात. डेपोसमोर आमची एक खानावळ होती. तिच्यावर तुम्ही लिहिलंत आणि आम्ही उपाशी राहिलो. आता तो माणूस दवाखान्यामागच्या गल्लीत, आमच्या शेवटच्या स्टॉपशेजारी परत उभा राहिलाय. हात जोडून सांगतो, तिकडे फिरकू नका."

त्या बिचाऱ्याला काय माहीत की तो माणूस माझा भाऊ आहे!

पत्र मी लपवायला हवं होतं. पण गठ्ठा परत करताना तेही गेलं, आणि संपादकबाईंनी ते वाचून टेबलावर थाप मारली. "हीच तर गोष्ट! लोक जिथे जाऊ नका म्हणतात तिथेच जायचं. पुढच्या रविवारी हीच खानावळ घ्या. तुम्हाला जमत नसेल तर क्रीडा पानावरच्या मुलाला पाठवते." तो मुलगा, धाकट्या, मिठाला साखर म्हणेल, पण लिहितो झकास. शंभर माणसं पाठवील तुझ्या दारात.

म्हणून मी आले. एकदा नाही, तीनदा. खांबामागच्या टेबलावर बसले होते, पाठ स्वयंपाकघराकडे करून. तू दिसला नाहीस. पण भावजयबाईंनी पहिल्याच दिवशी मला पाहिलं. ना हसल्या, ना रागावल्या. ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "पंचवीस मिनिटं. मग जागा लागते." मी चोविसाव्या मिनिटाला उठले. त्यांनी तुला सांगितलं की पोटात ठेवलं, मला माहीत नाही.

तिथे बसून मी तुझं दुकान पहिल्यांदा पाहिलं. हो, पहिल्यांदाच. भावजय खिडकीत उभी असते, कोपऱ्यावर बस वळली की नंबर बघते आणि आत ओरडते, "सात नंबर! तिखट कमी, पाव दोन!" ड्रायव्हर खाली उतरून, हात धुऊन बसेपर्यंत ताट समोर. कोणी काही मागत नाही, कोणी कोणाला थांबवत नाही. एकाला उशीर झाला होता, तर शेजारच्याने आपलं सूप त्याच्याकडे सरकवलं आणि स्वतः पुढच्या वाटीची वाट बघत बसला. मला तिथे रडू आलं. सूप गरम होतं म्हणून, असं मी शेजारच्याला सांगितलं.

तुझ्या जुन्या खानावळीतही असंच चालत असणार. आणि मी काय लिहिलं होतं? "इथे घड्याळ काढून ठेवा. कोणी उठवणार नाही, निवांत बसा." लोकांनी ऐकलं रे माझं! गावाच्या दुसऱ्या टोकाहून आले, दीड दीड तास बसले. ड्रायव्हर दारातून डोकावून परत गेले. तू त्या मंडळींसाठी लांब टेबलं केलीस, माणसं वाढवलीस, आणि तीन महिन्यांत ती सगळी दुसऱ्या नव्या हॉटेलाकडे वळली. ड्रायव्हरांनी तोवर डबे आणायला सुरुवात केली होती. तू कुलूप लावलंस. माझ्या दारात उभा राहून म्हणालास, "ताई, तू ज्यांच्यासाठी लिहिलंस ती माझी गिऱ्हाइकं नव्हतीच." आणि गेलास.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगत आले : त्याच्या भल्यासाठीच लिहिलं, करायला गेले एक आणि झालं भलतंच. आईला हेच सांगितलं. आधीच्या चारही पत्रांत हेच लिहिलं. तू ती उघडली नसशील तर बरंच झालं, कारण ते खरं नाही.

खरं तुला आणि मला, दोघांनाच माहीत आहे. त्या आठवड्यात मंगळवारी तू माझ्याकडे आला होतास. मी भाजी निवडत होते, तू उभ्या उभ्याच म्हणालास, "ताई, माझ्यावर लिहू नकोस. माझी माणसं मला पुरेशी आहेत." मी "बरं" म्हटलं.

जे तुलाही माहीत नाही ते आता लिहिते. गुरुवारी ज्या हॉटेलावर लिहायचं ठरलं होतं तिथे गेले तर पाइप फुटून हॉटेल बंद. चार वाजले होते, मजकूर पाचला द्यायचा होता आणि पान रिकामं. मी चाळीस मिनिटांत तुझ्यावर लिहून दिलं. बसल्या जागी, आठवणीतून. तुझ्याकडे मी चारदाच जेवले होते आणि चारही वेळा दुपारी तीनला, ऑफिसातून मधेच निघून. त्या वेळी तुझं दुकान रिकामं असायचं आणि तू माझ्यासमोर येऊन बसायचास. म्हणून मला ते निवांत वाटलं. भरलेली खानावळ मी बघितलीच नव्हती. तुझ्या भल्याचा विचार त्या चाळीस मिनिटांत एकदाही माझ्या मनात आला नाही. पान भरायचं होतं, एवढंच.

मी चुकले. मला माफ कर, किंवा करू नकोस, पण राग धरायचाच तर या खऱ्या कारणासाठी धर.

काल सकाळी हे सगळं संपादकबाईंना सांगितलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवून विचारलं, "हे लिहाल?" लिहिलंय. रविवारी छापून येईल. तुझं नाव नाही, गल्ली नाही, दवाखाना नाही, बस नाही. क्रीडा पानावरचा मुलगा येणार नाही, तसा शब्द घेतलाय त्यांच्याकडून. निळ्या शाईवाल्यालाही मी उत्तर धाडलंय की निर्धास्त जेवा. पुढे वाचक मला ठेवतात की हाकलतात ते बघू. हाकललं तर पोपटाची गैरसोय होईल, बाकी कोणाची नाही.

आणि तुझं नवं परीक्षण मी लिहिलंय, पण ते छापायचं नाही. वाचक एकच आहे, तो आत्ता वाचतोय :

वाटाण्याचं सूप उत्तम, तळाशी थोडं करपतं, शुक्रवारी नक्की करपलं होतं. मासा ताजा, पण लिंबाची फोड एवढी पातळ की तिच्यातून पेपर वाचता येईल. मंगळवारचा घेवडा शिजून शिजून जीव सोडून बसला होता. बाहेरचं दार धाडकन आपटतं, बिजागरीला तेल दे. बटाटे मात्र असे भाजलेस की मी आईचं नाव घेतलं, आणि ते मी कोणत्याच हॉटेलात घेतलेलं नाही. वाढण्यात घाई आहे, पण ती जेवणाऱ्यासाठी आहे. एकोणीस वर्षांत मी पाहिलेली ही सर्वांत चांगली खानावळ आहे, आणि हे मी कोणालाही सांगणार नाही.

उत्तराची सक्ती नाही. सर्दीवर वाफ घे.

खोटं बोलून दमलेली,
तुझी ताई


सोमवार, २० मार्च

ताई,

नमस्कार. मला लिहिता येत नाही, कंटाळा पण येतो, म्हणून थोडक्यात.

तू आल्याचं बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिन्ही वेळा तुझं ताट मीच भरलं. बटाटे जास्त घातले होते, ते तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही, आणि म्हणे परीक्षक!

रविवारचा पेपर वाचला. इथल्या सगळ्यांनी वाचला. सात नंबरवाला म्हणाला, "बाई चांगली आहे हो." मी आत गेलो आणि कांदा चिरत बसलो.

आता तुला माहीत नसलेलं मीही एक सांगतो. तीन वर्षांपूर्वीचा तुझा लेख मी कधी वाचलाच नव्हता. त्या रविवारी सकाळपासून दारात रांग, मला मान वर करायला वेळ नव्हता. नंतर रागाने वाचला नाही. परवा आईकडून कात्रण मागवलं. तिने जपून ठेवलं होतं, ती मधे पडत नाही ना! वाचला. ताई, सुंदर लिहिलंयस गं. माझ्या खानावळीबद्दल त्यात एक अक्षर खरं नाही, पण सुंदर लिहिलंयस.

या पत्रातलं मात्र सगळं खरं आहे. घेवडा त्या दिवशी खरंच मेला होता, मी फोनवर होतो. लिंबाचं मान्य. दाराला कालच तेल दिलं. सूप करपत नाही, ते तसंच असतं, यावर आपण भांडू.

तुझी आधीची चार पत्रं उघडली नाहीत. आता उघडणारही नाही, हे पुरे आहे.

ऐक. शनिवारी बायको तिच्या बहिणीकडे चाललीय. खिडकीत उभं राहून बस बघायला कोणी नाही. साडेबाराला ये. केस बांधून ये, अंगठी काढून ये, साधी चप्पल घाल, फरशी निसरडी आहे. नंबरांची यादी भिंतीला लावली आहे, पाठ कर. चुकीचा नंबर ओरडलास तर सगळ्यांसमोर बोलणी खाशील. आणि काम चालू असताना मीठ कमी, तिखट जास्त असलं एक अक्षर बोलायचं नाही.

गर्दी ओसरली की आपण दोघं जेवायला बसू. तेव्हा बोल. काय काय चुकतंय ते एकेक करून सांग. तीन वर्षं मी रांधतोय आणि सगळे नुसतं छान छान म्हणतायत. मला खरं सांगणारं कोणी उरलेलं नाही, ताई.

तुझा,
धाकटा